आवडत्या गाण्याचा माग काढा

प्रश्न: मी 33 वर्षांची, नाशिकला एका बँकेत नोकरी करते. गाणी मनापासून आवडतात, पण गेली कित्येक वर्षं मी तीच तीच ऐकतेय हे अलीकडे जाणवायला लागलंय. नव्वदीतली हिंदी गाणी, अजय-अतुल आणि बाबांमुळे थोडे सी. रामचंद्र. 'हम दिल दे चुके सनम'मधलं 'अलबेला सजन आयो रे' तर आठवड्यातून दोन-तीनदा लागतंच. गाडीत अ‍ॅप जे पुढे लावेल ते ऐकते आणि ते पुन्हा त्याच वळणाचं असतं. नवऱ्याचे मित्र जॅझ, रॉक असं काय काय ऐकणारे. माझी यादी बघून त्यांच्यात हसाहशी होते. एकाने 'ऐकायलाच हवेत असे शंभर अल्बम' अशी यादी पाठवली होती, चार-पाच ऐकून सोडून दिली. गेल्या डिसेंबरात मैत्रिणीबरोबर पुण्याला सवाईला (सवाई गंधर्व महोत्सवाला) गेले. अर्धा तास काय चाललंय तेच कळेना, शेजारचे मात्र माना डोलावत होते. बडा ख्याल संपायच्या आत मी चहाच्या स्टॉलवर. घरी काही वेगळं लावलं की सासूबाई म्हणतात, बंद कर ते. मला कानच नाही का? की आता उशीर झाला? सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, जिला एकच गाणं इतकी वर्षं पुरतं, आठवड्यातून तीनदा ऐकूनही जे शिळं होत नाही, तिला कान नाही असं मी तरी म्हणणार नाही. तुमचा कान उत्तम आहे. त्याला पुढची वाट कुणी दाखवली नाही, एवढंच.

आधी त्या मित्रमंडळींचं बोलून टाकते. दुसऱ्याची यादी बघून हसणाऱ्याचं लक्ष गाण्याकडे नसतं, स्वतःकडे असतं. त्यांच्यापुढे तुमच्या आवडीची वकिली करत बसू नका आणि त्यांना बरं वाटावं म्हणून ती बदलूही नका. तुम्हाला स्वतःला आणखी ऐकावंसं वाटतंय, तेवढं कारण पुरे आहे.

शंभर अल्बमच्या यादीचं तुमच्याकडे जे झालं ते कुणाकडेही झालं असतं. त्यातला प्रत्येक अल्बम थोर असेल, पण पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध नाही आणि दोघांचाही तुमच्याशी नाही. कान ओळखीच्या आधाराने पुढे सरकतो. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये प्रयोगांतून दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर येत राहिली तरी ती आवडायला लागते. सिनेमाच्या गाण्यांना ही संधी आयती मिळते. रिक्षात, लग्नात, किराणा दुकानात आपण ती नकळत पंधरा-वीसदा ऐकतो आणि मग म्हणतो, आवडलं. सारंगी किंवा ट्रम्पेट मात्र एकदा ऐकून आपण निकाल लावून मोकळे होतो. म्हणून माझं सांगणं असं की आवडतं ते सोडू नका. त्या गाण्यात कोण आहे, काय आहे, ते आलं कुठून, याचा माग काढा आणि जिथे पोचाल तिथे महिनाभर तरी मुक्काम करा.

तुमच्याच 'अलबेला सजन'पासून निघू या. ही पारंपरिक बंदिश, म्हणजे रागात बांधलेली गाण्याची रचना आहे, राग अहिरभैरव. सिनेमा 1999 चा, पण ख्यालगायक ती त्याआधीपासून गात आले आहेत. म्हणजे शास्त्रीय संगीत तुम्ही इतकी वर्षं ऐकताच आहात, फक्त काही मिनिटांच्या मापात. आता याच रागातली आणखी दोन गाणी घ्या. एक 1963 च्या 'मेरी सूरत तेरी आँखें'मधलं मन्ना डे यांनी गायलेलं 'पूछो ना कैसे मैंने रैन बिताई', संगीत सचिनदेव बर्मन यांचं. दुसरं तर तुमच्या घरात हजारदा वाजलं असेल: नामदेवांचा अभंग 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल', चाल राम फाटकांची, गायलेत पंडित भीमसेन जोशी. तिन्ही पाठोपाठ ऐका. एकात सजणाच्या येण्याचा आनंद, एकात रात्रभर जागलेल्या माणसाची व्यथा, एकात वारकऱ्याची तल्लीनता. भाव इतके वेगळे, तरी खाली काहीतरी सारखं आहे हे दोन-तीन वेळा ऐकल्यावर आपोआप जाणवेल. ते सारखं आहे ती या रागाची स्वरांची ठेवण. खालच्या अर्ध्यात भैरवाचा कोमल रिषभ, वरच्या अर्ध्यात शुद्ध धैवत आणि कोमल निषाद. ही नावं पाठ करायची गरज नाही. तानपुऱ्याबरोबर मनात 'सा' धरा आणि त्याच्या अगदी लगतचा वरचा स्वर कधी येतो तिकडे लक्ष ठेवा. तो जरा हेलावत, रेंगाळत येतो. पहाटेचा जो एक भारलेपणा या रागात आहे, त्यातला बराचसा त्या एका स्वरात आहे.

तीन गाणी ओळखीची झाली की चौथी पायरी शब्दांशिवायची. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही 1967 ची ध्वनिमुद्रिका ऐका. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या रागांत उलगडलाय आणि दिवसाची सुरुवात अहिरभैरवाने होते. शब्दच नसल्यामुळे अर्थ शोधायची धडपड थांबते आणि कान नुसत्या स्वरांवर टिकतो. मी ज्यांना ज्यांना ही सुचवली त्यांपैकी फारच थोड्यांना ती परकी वाटली.

यानंतर ख्याल. सवाईला तुमचं जे झालं ते इथे सांगते, कारण तिथे कमी पडली ती फक्त एक माहिती. बडा ख्याल म्हणजे रागाची संथ लयीत केलेली मोठी मांडणी. तो बहुतेकदा विलंबित, म्हणजे संथ, एकतालात असतो. मात्रा बाराच, पण इतक्या संथ की एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांची एक फेरी, पूर्ण व्हायला पाऊण-एक मिनिट लागतं. कशाची वाट बघायची हे ठाऊक नसेल तर ते एक मिनिट संपता संपत नाही. तर वाट बघायची समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची. बंदिशीच्या पहिल्या ओळीचा तुकडा, म्हणजे मुखडा, गायक दर आवर्तनाच्या शेवटी उचलतो आणि पहिल्या मात्रेवर आणून ठेवतो. मधल्या वेळात तो रागात कुठेही हिंडू शकतो, पण तिथे वेळेवर परतावंच लागतं. तुमच्या शेजारचे माना डोलावत होते ते त्या परतण्याला.

समेचा अंदाज तबल्यावरून येतो. एकतालाच्या ठेक्यात 'तिरकिट' हा बोल दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. विलंबितात सगळे बोल सुटेसुटे पडत असताना तो एक बोल भरलेला, टपटपीत ऐकू येतो. दुसरा 'तिरकिट' झाला की समेला दोनच मात्रा उरल्या. मुखडा बहुधा त्याच सुमारास उचलला जातो. एखादं ध्वनिमुद्रण घ्या, राशिद खाँचा अहिरभैरव घ्या हवं तर, आणि पहिल्या दोन-तीन बैठकांत बाकी सगळं सोडून फक्त ही सम पकडायचा खेळ खेळा. दहाव्या मिनिटापर्यंत तुम्ही स्वतःहून अंदाज बांधायला लागाल. गायक कधी अगदी शेवटच्या क्षणी कसा येऊन पोचतो ते कळलं की कंटाळ्याची जागा उत्कंठा घेते. हे मी अनेकांच्या बाबतीत होताना पाहिलंय, तुमच्याही बाबतीत होईल.

फक्त हे गाडीत ऐकू नका. इंजिन, हॉर्न आणि एसीच्या आवाजात ख्यालाचा निम्मा भाग, तानपुरा आणि मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, ऐकूच येत नाही. मग जे उरतं ते कंटाळवाणंच वाटणार. सिनेमाच्या गाण्यांचं मिश्रण गोंगाटातही ऐकू येईल असं केलेलं असतं, ती गाडीत शोभतात. ख्यालासाठी सकाळी लवकरची किंवा जेवणानंतरची वीस मिनिटं काढा, साधे हेडफोन चालतील. विविध भारतीचा 'संगीत सरिता' हा सकाळचा कार्यक्रम तर मी तुमच्यासारख्या श्रोत्यांना आवर्जून सुचवते. एक राग, त्यातलं सिनेमाचं गाणं, त्यातलं गायन-वादन असं थोड्या वेळात शांतपणे उलगडून दाखवणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही. आणि अहिरभैरव हा सकाळचा राग असल्यामुळे संध्याकाळच्या मैफलीत तो भेटणार नाही. त्यासाठी दिवाळीतल्या पहाटमैफली आहेत. तुमच्या नाशिकला पिंपळपारावर पाडवा पहाट होते. तिथे जाच.

'अलबेला सजन'मधूनच निघणारी एक आडवाट थोडक्यात सांगून ठेवते. त्यात कविता कृष्णमूर्ती आणि शंकर महादेवन यांच्याबरोबर जो खरखरीत, रापलेला पुरुषी आवाज आहे तो उस्ताद सुलतान खाँ यांचा. ते मूळचे सारंगीवादक, जोधपूरचे. त्यांची सारंगी ऐका आणि तिथून राजस्थानच्या लंगा आणि मांगणियार गवयांकडे जा. बाडमेर-जैसलमेर भागातले हे पिढीजात मुस्लिम कलावंत आपापल्या यजमानांच्या (मांगणियारांचे बहुतेक हिंदू, लंगांचे बहुतेक मुस्लिम) घरी जन्मापासून लग्नापर्यंत सगळ्या प्रसंगांना गातात. लंगा सिंधी सारंगी वाजवतात, मांगणियार कमायचा हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य. जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे साकर खाँ यांचा कमायचा मिळाला तर सोडू नका. त्याच्या नादात एक घुमारा आहे, तो वर्णन करून समजणार नाही.

आता तुमच्या बाबांचे सी. रामचंद्र. हा धागा मला फार प्रिय आहे, आणि नवऱ्याच्या मित्रांचं ते जॅझ याच वाटेवर आहे. रामचंद्र नरहर चितळकर हा शिर्डीजवळच्या पुणतांब्याचा मुलगा. त्याच्या गाण्यांत ते उसळतं ट्रम्पेट आलं कुठून? आलं गोव्यातून. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चशाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वगैरे वाजवायला शिकवत. ही मुलं मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईला आली आणि हॉटेलांच्या बँडमध्ये लागली. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबे हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडप्रमुख आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला, पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, आणि गोव्याच्या वादकांना जॅझ प्रत्यक्ष समोर बसून ऐकायला मिळालं. हल्दोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ हा त्यांपैकीच एक. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत आणि मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूनही ओळखत. सी. रामचंद्रांबरोबर त्याने काम केलं. 1951 च्या 'अलबेला'त तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो; बाबांबरोबर एकदा तो सिनेमा पुन्हा बघा आणि त्याला हुडकून काढा. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा हे संयोजकही गोव्याचेच. संगीतकाराने गुणगुणलेल्या चालीवरून पन्नास-पन्नास वादकांसाठी स्वरलेखन करणारी ही माणसं. त्यांची नावं पडद्यावरच्या श्रेयनामावलीत क्वचितच आली, याचं मला आजही वाईट वाटतं.

चिक चॉकलेट ज्याचा भक्त होता त्या लुई आर्मस्ट्राँगकडे आता सरळ जा. जॅझचे शंभर अल्बम राहू देत, एकच तबकडी घ्या: 'वेस्ट एंड ब्लूज', ध्वनिमुद्रण शिकागो, जून 1928. जेमतेम सव्वातीन मिनिटांची आहे. सुरुवातीला आर्मस्ट्राँगचं ट्रम्पेट एकटंच, साथीशिवाय, वर झेपावतं आणि वळणं घेत खाली उतरतं. मग बँड येतो आणि बारा बारचं (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक गट) एक चक्र सुरू होतं. पहिलं चक्र ट्रम्पेटचं, दुसरं ट्रॉम्बोनचं. तिसऱ्यात क्लॅरिनेट एक वाक्य बोलतं आणि आर्मस्ट्राँग त्याला गळ्याने, शब्दांशिवाय उत्तर देतो. ते ऐकताना आपल्याकडचा आलाप आठवल्याशिवाय राहणार नाही. चौथं चक्र अर्ल हाइन्सच्या पियानोचं. पाचव्यात ट्रम्पेट एक उंच स्वर धरतं आणि जवळजवळ चार बार धरूनच ठेवतं. खाली बँड चालत राहतो आणि तो स्वर हलत नाही. मग एकदम बांध फुटावा तसं वादन खाली कोसळतं.

सम पकडायचा खेळ तुम्ही खेळला असाल तर हे ऐकायला नवी विद्या लागणार नाही. तिथे बारा मात्रांचं आवर्तन, इथे बारा बारचं चक्र. तिथे मुखड्यावर परतायचं, इथे ठरलेल्या स्वरमेळांवरून (कॉर्ड्सवरून) फिरून पहिल्यावर यायचं. मधल्या जागेत प्रत्येकाने आपलं काहीतरी त्या क्षणी रचायचं. एवढं हाती लागलं की त्यानंतरचं जॅझ कितीही गुंतागुंतीचं झालं तरी वाट चुकत नाही. आठवडाभर रोज दोनदा ऐका, दिवसाला सहा-सात मिनिटंच जातात.

अ‍ॅपबद्दल फार लिहीत नाही. तुमच्यासारखं ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं आणि तुम्ही काय मध्येच तोडलं, त्यावरून ते पुढचं गाणं ठरवतं. ते त्याच गल्लीत फिरवणारच. आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय बंद करा, अल्बम क्रमाने ऐका आणि आवडलेल्या वाद्याच्या वादकाचं नाव शोधून वहीत लिहा. पुढचा शोध गाण्याच्या नावाने घेऊ नका, त्या वादकाच्या नावाने घ्या. आणि पाच-सहा वेळा मन लावून ऐकूनही एखादी गोष्ट भिडली नाही तर खुशाल सोडा. दोन-चार वर्षांनी ती आपली आपण आवडते, किंवा नाहीही आवडत. त्यात कमीपणा काहीच नाही.

सासूबाईंची अडचण मला अडचण वाटतच नाही. त्यांना जात्यावरच्या ओव्या ऐकवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आता 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या आवाजात, नावगावासकट, फुकट ऐकता येतात. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, पंढरीची वाट आहे, नवऱ्याचा मार आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. एकही वाद्य नाही. मला तर हे आपल्या भाषेतलं सर्वांत दुर्लक्षित संगीत वाटतं. सासूबाईंना त्यातली एखादी पाठ असेलही. असली तर फोनवर त्यांच्या आवाजात मुद्रित करून ठेवा.

राहिले अजय-अतुल. त्यांच्या गाण्यांतला संबळ तुम्हाला थेट गोंधळाकडे नेईल आणि लावणीचा ठेका यमुनाबाई वाईकरांच्या बैठकीच्या लावणीकडे. ही लावणी बसून, अदा करत, एकेक ओळ घोळवत गायची असते. सिनेमातली लावणी डोक्यात ठेवून ऐकायला बसलात तर चकित व्हाल. पण तुम्ही नाशिकच्या, म्हणून मी तुम्हाला आधी वामनदादा कर्डकांकडे पाठवेन. तुमच्याच जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म 1922 चा. लहानपणी शाळा मिळाली नाही, मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झाली, आणि मग या माणसाने बाबासाहेबांवर, कष्टकऱ्यांवर, जातीवर आयुष्यभर गाणी लिहिली आणि गावोगाव जाऊन गायली. ज्या घरांत भावगीतं आणि नाट्यपदं सुखाने नांदली त्यांतल्या कितीतरी घरांत वामनदादांचं नावही पोचलं नाही, आणि दुसरीकडे त्यांची गाणी लाखो माणसांच्या ओठांवर आहेत. मुख्य प्रवाह कुणाचा, हे कोण ठरवतं, असा प्रश्न मला दरवेळी पडतो. 14 एप्रिलच्या आसपास नाशिकच्या वस्त्यांमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतात. नवऱ्याला घेऊन जा, मागे उभं राहू नका, पुढे बसून ऐका. कडवं कुणाचं ते गाण्यातच कळतं, कारण वामनदादांच्या अनेक गाण्यांत शेवटी 'वामन' हे नाव येतं. कार्यक्रम संपला की गाणाऱ्याला विचारा, तुम्ही कुणाचं ऐकून शिकलात. जी नावं सांगतील ती वहीत लिहून घ्या आणि मला कळवा, मलाही ऐकायची आहेत.